तुमचे प्रश्न : टेप बॅकअप रात्रभर का रेंगाळतो?

युनिक्स आणि लिनक्स सर्व्हरवरच्या टेप बॅकअपच्या वेगाबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना नेहमीच्या रोमन अक्षरांत, आणि जिथे मुद्दाम ‘मोठा’ असं म्हटलंय तिथेच कॅपिटल.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत लिनक्स सर्व्हरला एलटीओ-५ चा (एलटीओ या टेपच्या पाचव्या पिढीचा) सॅस केबलवरचा टेप ड्राइव्ह जोडला आहे. डेटा १.२ टीबी, बराचसा डेटाबेसच्या मोठ्या फाइल्स. टारला (अनेक फाइल्स एकत्र बांधणाऱ्या कमांडला) झेड ऑप्शन देऊन थेट टेपवर लिहितो. पंधरा तास लागतात, सकाळी काउंटर उघडलं तरी बॅकअप चालूच. ड्राइव्हच्या माहितीपत्रकात सेकंदाला १४० एमबी लिहिलं आहे. ड्राइव्ह बदलावा का? (सांगली)

ड्राइव्हला हात लावू नका. तो उपाशी आहे.

१.२ टीबीला १५ तास म्हणजे सेकंदाला साधारण २२ एमबी. पण हा वेग डिस्कवरून वाचण्याचा झाला. मध्ये झेड ऑप्शनमुळे डेटा दाबणारा (कॉम्प्रेस करणारा) जीझिप बसला आहे आणि तो एकाच कोअरवर चालतो, सर्व्हरला सोळा कोअर असले तरी. डेटा निम्मा होत असेल, तर टेपपर्यंत सेकंदाला जेमतेम ११ एमबी पोचतात. एलटीओ-५ ड्राइव्ह स्वतःचा वेग कमी करून घेऊ शकतो, पण तोही बनावटीनुसार ४० ते ४७ एमबीपर्यंतच. त्याखाली डेटा आला की टेप थांबते. चालती टेप जागच्या जागी थांबत नाही, थोडी पुढे जाते. मग मागे यायचं, आणि फास्ट बॉलरसारखा रनअप घेऊन बरोबर सोडल्या जागेवरून पुन्हा लिहायला लागायचं. यात दर वेळी काही सेकंद जातात. याला शू-शायनिंग म्हणतात. ड्राइव्हजवळ कान दिला तर दर थोड्या वेळाने थांबल्याचा आणि उलटं फिरल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. वेळ जातोच, शिवाय हेड आणि टेप दोन्ही झिजतात.

काही बदलण्याआधी तीन आकडे काढा, प्रत्येक वेगळा.

पहिला, डिस्क किती वेगाने वाचता येते. टारचं आउटपुट पाइपने पीव्हीत (जाणाऱ्या डेटाचा वेग दाखवणाऱ्या कमांडमध्ये) सोडा आणि तिथून डेव्ह-नलमध्ये, म्हणजे आलेलं सगळं टाकून देणाऱ्या फाइलमध्ये. थेट डेव्ह-नलला टार करू नका. आउटपुट डेव्ह-नल आहे हे ग्नू टार (लिनक्सवरचा नेहमीचा टार) ओळखतो आणि फाइलमधला मजकूर वाचतच नाही. मग दोन मिनिटांत एक टीबी ‘वाचला’ असं दिसतं आणि डिस्क फारच जोरदार आहे असा गैरसमज होतो. मध्ये पाइप असला की ही पळवाट बंद होते.

दुसरा, याच पाइपमध्ये पीव्हीनंतर जीझिप घालून येणारा वेग. तुमच्याकडे हाच २२ च्या आसपास निघेल.

तिसरा, टेपचा स्वतःचा वेग. यासाठी कोरी टेप घ्या, कालचा बॅकअप असलेली नको. डीडीने (डेटा ब्लॉकाब्लॉकाने एकीकडून दुसरीकडे नेणाऱ्या कमांडने) डेव्ह-झिरोमधून, म्हणजे नुसती शून्यं देणाऱ्या फाइलमधून, लिहून बघाल तर आकडा खोटा येईल, कारण शून्यांची रांग ड्राइव्ह दाबून नाहीशी करतो. यू-रँडममधून (रँडम डेटा देणाऱ्या फाइलमधून) थेट लिहिलंत तर जुन्या कर्नलवर यू-रँडमच टेपपेक्षा हळू. म्हणून आधी डेव्ह-एसएचएममध्ये, म्हणजे मेमरीत, ८ जीबीची रँडम फाइल करून घ्या आणि ती ब्लॉक साइज (एका वेळी लिहायचा तुकडा) २५६के ठेवून चार-पाच वेळा टेपवर लिहा. एकदाच लिहिलीत तर ड्राइव्हचा स्वतःचा बफर आकडा थोडा फुगवतो. १३०-१४० आले तर ड्राइव्ह, केबल, कार्ड सगळं ठीक. ६०-७० वर अडकला तर ड्राइव्ह रेड कंट्रोलरला (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाला) जोडलेला नाही ना ते बघा. टेपला साधा वेगळा एचबीए (जोडणीचं कार्ड) लागतो.

आता दुरुस्ती. टारमधला झेड काढा. एलटीओ ड्राइव्ह स्वतः कॉम्प्रेस करतो, सीपीयूला तोशीस न देता. आधीच कॉम्प्रेस झालेला डेटा आला तर तो तसाच पुढे सोडतो, फुगवत नाही. टेपइन्फो कमांडमध्ये डेटाकॉम्प-एनेबल्डसमोर ‘येस’ आहे ना, एवढं बघा. एमटी (टेप हाताळणारी कमांड) सेट-बीएलके शून्य देऊन ड्राइव्ह व्हेरिएबल ब्लॉकवर ठेवा, म्हणजे ब्लॉकचा आकार प्रोग्रॅम ठरवेल. टारला मायनस बी ५१२ द्या. टारचा मूळ ब्लॉकिंग फॅक्टर २० असतो, म्हणजे १० केबीचे तुकडे. ५१२ म्हणजे २५६ केबी. प्रत्येक तुकड्यामागे कर्नल, कार्ड आणि ड्राइव्ह यांच्यात एक देवाणघेवाण होते, म्हणून तुकडे मोठे तितकी ती कमी. २५६ केबीच्या पुढे फायदा झपाट्याने कमी होतो आणि १ एमबीला काही कार्डांवर राइट नाकारलाही जातो. उगाच हाव नको.

टार आणि टेप यांच्या मध्ये एमबफर (डेटा मेमरीत साठवून पुढे सोडणारा प्रोग्रॅम) बसवा: मायनस एस २५६के, मायनस एम ४जी (जी मोठा), मायनस मोठा पी ९०, आणि मायनस ओला एनएसटी-शून्य (टेप ड्राइव्हचं रिवाइंड न होणारं नाव). ४ जीबी मेमरी ९० टक्के भरल्याशिवाय टेप हलणारच नाही, आणि भरली की सलग २५-३० सेकंद पुरेल इतका साठा हाताशी असेल. डिस्क मध्येच अडखळली तरी टेपला कळत नाही. मात्र बफर सरासरी वाढवत नाही. डिस्कच २५ एमबीने देत असेल तर टेप दर काही सेकंदांऐवजी काही मिनिटांनी थांबेल, इतकंच.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ड्राइव्हचा ४० एमबीचा किमान वेग टेपवर प्रत्यक्ष उतरणाऱ्या डेटाचा आहे. डेटा निम्मा दाबला जात असेल, तर सर्व्हरने किमान ८० द्यायला हवेत आणि ड्राइव्ह २८० पर्यंत मागू शकतो. म्हणून तुमचा पहिला आकडा १०० च्या खाली आला तर टेपचं राहू द्या, आधी डिस्क बघा. ११० मिळाले तरी १.२ टीबीला तीन तास.

बॅकअप चालू असताना टेपस्टॅट लावून ठेवा. ही कमांड सिसस्टॅट पॅकेजच्या नव्या आवृत्त्यांत मिळते. त्यातला राइट-वेटचा टक्का शंभरच्या जवळ असेल तर सर्व्हर टेपची वाट बघतोय, अगदी कमी असेल तर टेप सर्व्हरची. अंदाज बांधत बसावं लागत नाही.

आणि रिस्टोर करून बघा. टेपवरचा ब्लॉक २५६ केबीचा आणि वाचणारा टार जुन्या १० केबीच्या हिशोबाने, असं झालं की लिनक्सवर ‘कॅनॉट अलोकेट मेमरी’ अशी चूक येते. मेमरी कमी पडली म्हणून लोक रॅम तपासत बसतात. कारण एवढंच की टेपवरचा ब्लॉक वाचायला दिलेल्या जागेत मावत नाही. बी ५१२ दिलं की काम होतं. उलट मोठा आकडा देऊन जुन्या १० केबीच्या टेप वाचायला अडचण नाही. टेपच्या डबीवर ब्लॉक साइज पेनने लिहून ठेवा.

पतसंस्था असल्यामुळे एन्क्रिप्शन लागत असेल तर तेही ड्राइव्हवरच करा. एलटीओ-४ पासून ड्राइव्हमध्ये एईएस-२५६ आहे आणि लिनक्सवर ते स्टेंक या साधनाने सुरू करता येतं. सॉफ्टवेअरने आधी एन्क्रिप्ट केलेला डेटा पुढे कॉम्प्रेस होत नाही. किल्ली मात्र त्याच सर्व्हरवर ठेवून भागणार नाही.

प्रश्न : एका सर्व्हरवरून टार एसएसएचने (नेटवर्कवरच्या एन्क्रिप्टेड जोडणीने) दुसरीकडे पाठवतो आणि तिथे डीडी, बीएस (ब्लॉक साइज) २५६के, असं देऊन एलटीओ-६ टेपवर लिहितो. वेग ६० च्या पुढे जात नाही, आणि हल्ली रिस्टोरला ‘अनअलाइन्ड ब्लॉक’ अशी चूक येते. टेप खराब आहे का? (पुणे)

टेप चांगली आहे, डीडी चुकीचा वापरला गेलाय.

डीडीला बीएस दिलं की तो जितकं वाचतो तितकंच लगेच लिहून टाकतो. फाइलमधून वाचताना २५६ केबी पूर्ण मिळतात. पाइपमधून वाचताना मिळत नाहीत. लिनक्सचा पाइप मुळात ६४ केबीचा, त्यात एसएसएचकडून येणारा डेटा तुकड्यातुकड्यांनी पडतो. कधी ६४ केबी, कधी ३२, कधी भलताच आकडा, आणि टेपवर तसेच वेडेवाकडे ब्लॉक जातात. ५१२ ने भाग न जाणारा ब्लॉक आला की टार तक्रार करतो.

बीएसऐवजी ओबीएस (फक्त लिहिण्याची ब्लॉक साइज) २५६के द्या. मग डीडी पूर्ण ब्लॉक जमल्याशिवाय लिहीत नाही. किंवा आयफ्लॅगमध्ये फुलब्लॉक द्या. सगळ्यात बरं म्हणजे डीडी काढून वर सांगितलेला एमबफर लावा.

टेपवर खरंच काय गेलंय ते असं बघा: टेप रिवाइंड करून डीडीने एनएसटी-शून्यमधून वाचा, बीएस १एम (एम मोठा), काउंट ५०, आउटपुट डेव्ह-नल. टेपवरून एका वाचनात एकच ब्लॉक येतो, त्यामुळे शेवटी दिसणाऱ्या एकूण बाइट्सना ५० ने भागलं की सरासरी ब्लॉक कळतो. १,३१,०७,२०० बाइट्स आल्या तर प्रत्येक ब्लॉक २,६२,१४४ चा, म्हणजे बरोबर २५६ केबी. याहून कमी आल्या तर गडबड आहे.

जुन्या टेपांवरचा डेटा गेलेला नाही. त्या टेप डीडीने बीएस १एम (एम मोठा) देऊन वाचा आणि पाइपने टारला द्या. पाइपमधून येताना ब्लॉकच्या सीमा पुसल्या जातात आणि टार मुकाट्याने वाचतो.

वेगाचं म्हणाल तर गिगाबिट नेटवर्कवरून सेकंदाला ११० ते ११८ एमबीच येतात, एलटीओ-६ चे १६० कधीच येणार नाहीत. पण त्याचा किमान वेग ४० ते ५५ च्या घरात असल्यामुळे ११० वर तो न थांबता चालतो. एसएसएचचं स्वतःचं कॉम्प्रेशन, म्हणजे मोठा सी, बंद ठेवा आणि सायफर (एन्क्रिप्शनची पद्धत) एईएस-१२८-जीसीएम निवडा. प्रोसेसरमध्ये एईएसच्या खास सूचना असतील तर हा सायफर गिगाबिट सहज भरतो. पुढे एलटीओ-७ घ्यायचा विचार असेल तर त्याचा मूळ वेग ३०० आणि किमान वेगच १०० च्या आसपास. तेव्हा १० गिगाबिटचं कार्डही त्याच खरेदीत धरा.

प्रश्न : स्कॅन केलेल्या कागदांच्या ४० लाख फाइल्स आहेत, सरासरी १२ केबीच्या. एकूण ४८ जीबी. एवढ्याशा डेटाला अकरा तास! ब्लॉक साइज वाढवली, एमबफर लावला, काही फरक नाही. (नागपूर)

फरक पडणार नव्हताच. तुमचा डेटा थोडा आहे, पण फाइल्स ४० लाख. ४० लाख भागिले अकरा तास म्हणजे सेकंदाला शंभर फाइल्स. ७२०० आरपीएमच्या डिस्कचं हेड एका ठिकाणाहून दुसरीकडे जाऊन योग्य सेक्टर खाली यायला १२-१३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे एका डिस्कला सेकंदाला ऐंशीच्या आसपास उड्या. आणि प्रत्येक फाइलला आयनोडसाठी (फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीसाठी) एक, मजकुरासाठी एक. शंभर फाइल्स ही तुमच्या रेडची प्रामाणिक मजुरी आहे.

उड्या कमी करा. सगळ्यात स्वस्त उपाय: ग्नू टार १.२८ पासून सॉर्ट-इज-इक्वल-टू-आयनोड हा ऑप्शन आहे. ईएक्सटी४ या फाइलसिस्टिमवर डिरेक्टरीतली नावं हॅशच्या क्रमाने मिळतात, म्हणजे डिस्कच्या दृष्टीने विस्कटलेली. आयनोडच्या क्रमाने लावली की हेड बरंचसं एकाच दिशेने सरकतं. कमांडमध्ये एक शब्द वाढवायचा आहे, आजच करून बघा.

त्यापुढचा उपाय डंप ही कमांड, किंवा एक्सएफएस फाइलसिस्टिम असेल तर एक्सएफएसडंप. हे आयनोडच्या क्रमानेच चालतात. चालू फाइलसिस्टिमवर डंप चालवू नका, एलव्हीएमचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) घेऊन त्यावर चालवा. स्नॅपशॉटचा आख्खा पार्टिशन डीडीने उचलणं सर्वांत वेगवान, कारण तिथे फाइल ही भानगडच उरत नाही; पण मग एक फाइल परत हवी असेल तर सगळी इमेज उतरवावी लागते आणि रिकामी जागाही टेपवर जाते. पार्टिशन ८० टक्क्यांहून जास्त भरलेला असेल तरच हा सौदा परवडतो.

४८ जीबीच असल्यामुळे तुमच्यासाठी मला सरळ वाटतं ते असं: वर्षवार डिरेक्टऱ्यांचे चार-पाच टार एकाच वेळी चालवून एका एसएसडीवर जमा करा आणि तिथून एका दमात टेपवर. दिवसभरात एसएसडी भरली तरी कोणाचं काही अडत नाही. टेपचं काम सात-आठ मिनिटांचं. जमा करायची जागा मूळ डिस्कवरच ठेवू नका, नाहीतर वाचणं आणि लिहिणं एकमेकांच्या पायात येतं.

प्रश्न : एआयएक्स (आयबीएमचं युनिक्स) सर्व्हरवर आरएमटी-शून्यवर (हे तिथलं टेप ड्राइव्हचं नाव) बॅकअप फारच हळू. टेप, ड्राइव्ह सगळं नवं आहे.

एलएसएटीटीआर, मायनस मोठा ई, एल, आरएमटी-शून्य, असं देऊन ब्लॉक-साइज बघा. तिथे ५१२ किंवा १०२४ दिसलं तर कारण सापडलं. सीएचडेव्ह कमांडने ब्लॉक-साइज शून्य करा म्हणजे ब्लॉकचा आकार प्रोग्रॅम ठरवेल, आणि मग बॅकअपच्या कमांडमध्ये मोठा ब्लॉक द्या. एमकेसिसबीच्या (पूर्ण सिस्टिमच्या बॅकअपच्या) टेपबद्दल एक पथ्य: तिच्या सुरुवातीच्या तीन इमेज ५१२ बाइट्सच्या ब्लॉकच्या असतात, बूट त्यावरूनच होतं. रूटव्हीजी (सिस्टिमच्या फाइल्सचा गट) चौथ्या इमेजमध्ये असतो. हाताने त्यातली फाइल काढायची असेल तर आरएमटी-शून्य-पॉइंट-एक या रिवाइंड न होणाऱ्या नावाने, चौथ्या इमेजवरून रिस्टोर करा.

प्रश्न : डेटाबेसच्या २,३०० टेबलांचे वेगवेगळे डंप आहेत. स्क्रिप्ट एकेका डंपचा टार एनएसटी-शून्यवर लिहिते, म्हणजे हवं ते टेबल पटकन काढता येईल. सगळे मिळून ९० जीबी, पण अडीच तास लागतात. (ठाणे)

प्रत्येक टार संपला की टेपवर फाइलमार्क (फाइल संपल्याची खूण) पडतो. फाइलमार्क लिहिताना ड्राइव्ह आपला बफर टेपवर रिकामा करतो, थांबतो, मागे येतो. एका थांब्याला तीन सेकंद धरले तरी २,३०० गुणिले तीन म्हणजे ६,९०० सेकंद, जवळजवळ दोन तास. तुमच्या अडीच तासांतला खरा लिहिण्याचा वेळ अर्धा तास आहे.

टेबलांचे गट करा: वीस-पंचवीस टार, प्रत्येकी चार-पाच जीबीचे. कोणतं टेबल कोणत्या टारमध्ये, याची यादी डिस्कवर आणि छापील, दोन्ही ठेवा. मग एमटी एफएसएफने तेवढे फाइलमार्क ओलांडून सरळ तिथे पोचता येतं. चार जीबीतून एक टेबल शोधायला अर्धं मिनिट जास्त गेलं तर जाऊ दे.

बॅक्युला हे बॅकअप सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हीच अडचण वेगळ्या रूपात येते. त्यात मॅक्झिमम फाइल साइज मुळात १ जीबी असते, म्हणजे दर जीबीला एक फाइलमार्क. ती १० ते २० जीबी करा, आणि स्पूल डेटा (टेपआधी डिस्कवर जमा करणं) ‘येस’ ठेवा.

स्क्रिप्टमध्ये कुठे एनएसटीऐवजी नुसतं एसटी-शून्य राहिलं नाही ना, हेही एकदा वाचून घ्या. त्या नावाने टेप दर वेळी रिवाइंड होते आणि पुढचा टार मागच्यावर बसतो. बॅकअप त्याने चांगला वेगवान दिसतो.

प्रश्न : वर्षभरापूर्वी याच सेटिंगवर बॅकअप चार तासांत व्हायचा, आता सहा. आणि पूर्वी एका टेपमध्ये मावायचा तो डेटा आता मावत नाही. डेटा वाढलेला नाही. (रत्नागिरी)

दोन्ही लक्षणं एकत्र आली की बहुधा हेड किंवा टेप. एलटीओ ड्राइव्ह लिहिलेलं लगेच वाचून तपासतो. नीट उमटलं नसेल तर तोच भाग पुढे पुन्हा लिहितो. त्यात वेळ जातो आणि टेपही. सर्व्हरला चूक दिसत नाही, कारण ड्राइव्हने ती निस्तरलेली असते.

टेपइन्फो चालवून टेपअलर्टच्या (ड्राइव्हने दिलेल्या इशाऱ्यांच्या) खुणा बघा. २० म्हणजे आत्ता साफ करा, २१ म्हणजे नियमित सफाईची वेळ झाली. क्लीनिंग कार्ट्रिज एकदाच चालवा, तिच्यावर खूण करा. ठरलेले वापर संपले की ती काही साफ करत नाही. हेड चकाकावं म्हणून दर आठवड्याला चालवणारेही असतात, पण ती टेप खरबरीत असते आणि हेड खाते. ड्राइव्ह मागेल तेव्हाच.

सफाईनंतर एसजी-लॉग्ज कमांडमधलं पान २, म्हणजे लिहिण्याच्या चुकांचा हिशोब, एका नव्या आणि एका जुन्या टेपवर काढून ताडून बघा. जुनीवरच आकडे चढत असतील तर ती टेप रजेवर. दोन्हींवर चढत असतील तर ड्राइव्ह सर्व्हिसला.

कोकणात पावसाळ्यात टेप तिजोरीतून काढून थेट एसीच्या सर्व्हर रूममध्ये ड्राइव्हला लावण्याची घाई करू नका. डबीसकट एक दिवस त्याच खोलीत राहू द्या. आणि पुढे कधी एलटीओ-९ घेतलात, तर नवी टेप पहिल्यांदा घातल्यावर ड्राइव्ह ती स्वतःशी जुळवून घेतो, त्याला दोन तासही लागू शकतात. ‘हँग झाला’ म्हणून पॉवर बंद करू नका. नव्या टेप दुपारीच एकेक करून घालून ठेवा.